चिपचा कारखाना भरणार कोण?

भोसरी एमआयडीसीत माझ्या मामांचं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापून भाग घडवणारी मशीनं), तीन सीएनसी लेथ आणि कोपऱ्यात एक जुनं मिलिंग मशीन, जे विकायला त्यांचं मन होत नाही. मामांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा एक वाक्य येतं: "मशीन उभं राहता कामा नये." दुसरं व्हीएमसी घेतलं तेव्हा काम असो वा नसो, बँकेचा हप्ता जाणारच हे त्यांना माहीत होतं. म्हणून आधी दोन गिऱ्हाइकांकडून वर्षभराच्या कामाचं शेड्यूल लिहून घेतलं आणि मगच मशीनचा ॲडव्हान्स भरला.

दिवाळीत फराळाला गेलो होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "अरे, तळेगावला तो चिपचा कारखाना यायचा होता, तो गेला. आता गुजरातेत होतोय म्हणतात. सरकार एवढे हजारो कोटी द्यायला तयार आहे, मग जगातले चिपवाले धडाधड कारखाने का टाकत नाहीत?"

मी चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. चिपसाठी रात्री-बेरात्री मेल लिहिण्यात माझी दोन वर्षं गेली आहेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा. मामांना उत्तर द्यायला लागलो आणि लक्षात आलं की अर्धं उत्तर त्यांच्याच वाक्यात आहे. राहिलेलं अर्धं इथे मांडतो.

एका चिपसाठी अडलेली गाडी

ऑक्टोबर २०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासाभरात २५ हजार गाड्या बुक झाल्या. ही गाडी बनते आपल्या चाकणला. गिऱ्हाईक होतं, पैसा होता, कारखाना होता, कामगार होते. तरी काही मॉडेलांसाठी लोकांना वर्षाहून जास्त थांबावं लागलं. अडलं होतं चिपपाशी.

आजच्या चारचाकीत हजाराच्या वर चिप्स असतात. काच वरखाली करणारी, एअरबॅग उघडायची की नाही ते ठरवणारी, इंधन किती सोडायचं ते सांगणारी. यातल्या बहुतेक चिप्स काही फार आधुनिक नसतात. मोबाइलच्या मुख्य चिपपुढे त्या दहा-पंधरा वर्षं मागच्या तंत्राच्या. पण त्यातली एक जरी आली नाही, तरी गाडी लाइनवरून उतरत नाही.

झालं होतं असं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी घराघरांत लॅपटॉप आणि टॅब हवे झाले. चिपवाल्यांनी मोकळी झालेली क्षमता त्यांना दिली. वर्षअखेरीस गाड्यांची मागणी परत आली तेव्हा रांगेत पुढे दुसरेच उभे होते. भरीस भर म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या बर्फवृष्टीत वीज गेली आणि ऑस्टिनमधले सॅमसंग, एनएक्सपी आणि इन्फिनिऑनचे कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानला रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्यात आग लागली.

आमच्याकडे तेव्हा रोज सकाळी एकच मीटिंग असायची: आज कुठली चिप संपणार? एका पुरवठादाराने आधी कबूल केलेला माल ऐन वेळी दुसरीकडे वळवला, आणि जोडणी अर्धी राहिलेले आमचे सर्किट बोर्ड महिनाभर रॅकवर पडून राहिले. मी तेव्हा फार चिडलो होतो. पुढे चिपच्या धंद्याचं गणित समजलं, तेव्हा राग गेला नाही, पण ते तसं का वागले हे कळलं.

चिपधंद्यातलं जॉबवर्क

फाउंड्री म्हटलं की आपल्याला ओतकाम आठवतं. चिपच्या धंद्यात फाउंड्री म्हणजे जॉबवर्कवाला. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, काम आपलं. भोसरीत हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

१९८७ साली मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी काढली ती याच तत्त्वावर. त्याआधी चिप कंपन्या आरेखनही स्वतः करत आणि कारखानाही स्वतःचाच ठेवत. चँग यांनी ठरवलं की आपल्या नावाची एकही चिप बाजारात आणायची नाही, फक्त दुसऱ्यांच्या बनवायच्या. त्यामुळे गिऱ्हाइकाला 'हा माझं ड्रॉइंग बघून उद्या माझाच माल विकायला बसेल' अशी भीती उरली नाही. ॲपल, एनव्हिडिया, एएमडी आज आपल्या सगळ्यात मोलाच्या चिप्स तिथे बनवून घेतात ते या भरवशावर. आणि सुरुवातीपासूनच चँग यांनी एकट्याच्या खिशावर काम केलं नाही. तैवान सरकार आणि नेदरलँड्सची फिलिप्स कंपनी हे दोघं पहिल्या भागीदारांत होते.

आता मामांचं वर्कशॉप आणि चिपचा कारखाना यांत फरक कुठे पडतो ते बघू. चिपच्या कारखान्याला फॅब म्हणतात. तिथे सिलिकॉनच्या गोल चकत्या आत जातात. त्यांना वेफर म्हणतात. आज सर्वांत जास्त चालणारा वेफर ३०० मिलिमीटर व्यासाचा, आपल्या जेवणाच्या ताटाएवढा. त्याच्यावर थर चढवायचे, प्रकाशाने नक्षी उठवायची, नको तिथलं कोरून काढायचं, पुन्हा थर चढवायचा, असे शेकडो टप्पे होतात. वेफर आत गेल्यापासून बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. मग तो कापून, एकेक चिप आवरणात बसवून, तपासून द्यायला आणखी काही आठवडे. म्हणजे "उद्या सकाळपर्यंत शंभर नग द्या" हे इथे शक्यच नाही. २०२१ साली चिपवाल्यांवर कितीही ओरडलं तरी उपयोग नव्हता. त्यांच्या हातात जे होतं ते तीन महिन्यांपूर्वीच लाइनवर चढलेलं होतं.

नवा फॅब उभारायचा तर वर्षं मोजावी लागतात. टीएसएमसीने अमेरिकेत ॲरिझोनाला फॅब टाकायचं मे २०२० मध्ये जाहीर केलं. तिथून चिप्स मोठ्या प्रमाणावर निघायला २०२४ चा शेवट उजाडला. जपानमध्ये कुमामोटोला त्याच कंपनीने रात्रंदिवस काम करून झपाट्याने फॅब उभा केला, तरी जाहीर झाल्यापासून उत्पादन सुरू होईपर्यंत तीन वर्षं गेलीच. म्हणजे फॅब टाकणाऱ्याला आज ठरवावं लागतं की तीन-चार वर्षांनी जगाला काय आणि किती लागणार आहे. मामांनी वर्षभराचं शेड्यूल हातात घेऊन मशीन घेतलं. चार वर्षांनंतरचं शेड्यूल लिहून देणारं गिऱ्हाईक मिळणार कुठे?

एक कच्चा हिशोब

आकडे घातल्याशिवाय याचं वजन कळत नाही. टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा गुजरातेतल्या धोलेराचा फॅब घ्या. केंद्राने तो २९ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर केला. गुंतवणूक ९१,००० कोटी रुपये, क्षमता महिन्याला ५०,००० वेफर, म्हणजे वर्षाला सहा लाख.

इमारत आणि यंत्रांचा हा खर्च दहा वर्षांत वसूल करायचा असं धरू. खरं तर या धंद्यात यंत्रं पुष्कळदा पाच वर्षांतच हिशोबातून काढतात, पण आपण सैल धरू. वर्षाला ९,१०० कोटी. सहा लाख वेफरवर वाटले तर दर वेफरमागे साधारण दीड लाख रुपये. यात वीज, पाणी, वायू, रसायनं, पगार काहीच नाही. हा फक्त हप्ता.

आता फॅब अर्धाच भरला असं धरा. हप्ता तोच, वेफर निम्मे. दर वेफरमागे तीन लाख. शेजारच्या देशातला चिपवाला भरलेल्या फॅबमधून दीड लाखाच्या बोजाने माल विकत असेल, तर तीन लाखवाल्याने काय करायचं?

इथे सरकारी मदत येते. भारताच्या सेमीकंडक्टर योजनेची तरतूद ७६,००० कोटींची, आणि फॅबच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र उचलतं. म्हणजे कंपनीवरचा बोजा निम्मा झाला. भरलेल्या फॅबमध्ये वेफरमागे पाऊण लाख. छान. पण याच मदतीनंतर फॅब अर्धा रिकामा राहिला, तर बोजा पुन्हा दीड लाखावर जातो. निम्मं अनुदान मिळालं आणि निम्मं काम नाही मिळालं, तर गाडी होती तिथेच. हा हिशोब मांडला तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे अनुदानापेक्षा ऑर्डर महत्त्वाची."

रिजेक्शनचाही प्रश्न आहे, आणि चिपमध्ये त्याचं एक वेगळंच गणित असतं. समजा एका वेफरवर इकडेतिकडे शंभर बारीक दोष पडले. चिप पाच बाय पाच मिलिमीटरची असेल, तर वेफरवर साधारण २,६०० चिप्स बसतात. शंभर गेल्या तरी अडीच हजार हाती लागतात. पण चिप आठशे चौरस मिलिमीटरची असेल, जशा एआयच्या मोठ्या चिप्स असतात, तर वेफरवर जेमतेम साठ-पासष्ट बसतात. तेच शंभर दोष यांच्यावर विखुरले तर धड निघतात वीसेक. म्हणून मोठी चिप करताना ती तुकड्यांत बनवून नंतर जोडण्याकडे सगळ्यांचा कल आहे. आणि म्हणूनच नवशिक्या फॅबला पहिली दोन वर्षं जड जातात. हात बसेपर्यंत हप्ता थांबत नाही.

गिऱ्हाइकालाच भागीदार करा

मग ज्यांना पुढचं शेड्यूल मिळत नाही ते काय करतात? जे गिऱ्हाईक उद्या माल घेणार आहे, त्यालाच आज कारखान्यात हिस्सा घ्यायला लावतात.

कुमामोटोच्या फॅबमध्ये टीएसएमसीबरोबर सोनी आहे, टोयोटा गटातली डेन्सो आहे आणि नंतर खुद्द टोयोटाही आली. सोनीला कॅमेऱ्यांच्या सेन्सरसाठी चिप्स लागतात, डेन्सोला गाड्यांसाठी. जपान सरकारने या पहिल्या फॅबला ४७६ अब्ज येनपर्यंत मदत कबूल केली. जर्मनीत ड्रेस्डेनला तर मांडणी आणखी स्वच्छ आहे: ७० टक्के टीएसएमसी आणि बॉश, इन्फिनिऑन, एनएक्सपी यांचे प्रत्येकी १० टक्के. एकूण खर्च १० अब्ज युरोंहून जास्त, त्यात ५ अब्ज युरो जर्मन सरकारची मदत. क्षमता महिन्याला ४०,००० वेफर. हे तिघेही गाड्यांच्या चिप्समधले जुने जाणते. नॅनोमीटरचा आकडा सांगतो चिपवरची नक्षी किती बारीक; आकडा लहान, तितकं तंत्र नवं. तिथे दोन नॅनोमीटरच्या चिप्स होणार नाहीत. २८/२२ आणि १६/१२ नॅनोमीटरच्या, म्हणजे गाडीला ज्या लागतात त्या होतील.

हे वाचताना मला आपला सहकारी साखर कारखाना आठवला. माळेगाव असो की सोमेश्वर, कारखान्याचे मालक म्हणजे सभासद शेतकरी. त्यांचा ऊस आला तर गाळप होणार, आणि कारखाना चालला तर त्यांच्या उसाला भाव मिळणार. कारखाना बंद पडावा असं सभासदाला कधीच वाटत नाही. ड्रेस्डेनला फरक इतकाच, की इथे सभासद माल घालणारा नसून माल उचलणारा आहे. पण बांधिलकी तीच. हिस्सा घेतलेली कंपनी मंदी आली म्हणून २०२० सारखी एका ईमेलने ऑर्डर रद्द करून मोकळी होत नाही. तिचा स्वतःचा पैसा त्या यंत्रांत अडकलेला असतो.

साखर कारखान्याची उपमा एका ठिकाणी मात्र तुटते. साखर कारखाना हंगामात चालतो, पावसाळ्यात दुरुस्तीला उघडतो. फॅबला हंगाम नाही. तो वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास चालावा लागतो. क्षणभर वीज गेली तरी आतला माल खराब होऊ शकतो.

भागीदारीचा दुसरा, हलका प्रकार म्हणजे आगाऊ करार करून किंवा रक्कम देऊन क्षमता राखून ठेवणं. लग्नाच्या तिथीसाठी मंगल कार्यालय वर्षभर आधी बुक करतात तसं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जनरल मोटर्सने ग्लोबल फाउंड्रीज या अमेरिकी फाउंड्रीशी असाच करार केला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या फॅबमध्ये स्वतःसाठी क्षमता राखून घेतली. पूर्वी मोटार कंपनी थेट चिपवाल्याशी बोलतही नसे, मध्ये सुट्या भागांचे दोन-तीन पुरवठादार असत. २०२१ ने ही सवय मोडली.

पण ॲडव्हान्स दिला म्हणजे निश्चिंत झालो असं नाही. जुलै २०२३ मध्ये जपानच्या रेनेसासने अमेरिकेच्या वुल्फस्पीडकडे २ अब्ज डॉलर ठेव ठेवली. बदल्यात दहा वर्षं सिलिकॉन कार्बाइडचे वेफर मिळायचे होते. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे विजेवरच्या गाडीत बॅटरीपासून मोटरपर्यंत वीज कमी नासाडीत पोचवणाऱ्या चिप्सचं मूळ द्रव्य. वुल्फस्पीडने विजेच्या गाड्यांच्या लाटेवर भरवसा ठेवून प्रचंड क्षमता उभारली. लाट अपेक्षेपेक्षा सावकाश आली, आणि तेवढ्यात चीनमधून स्वस्त माल बाजारात उतरला. मशीनं उभी राहिली. जून २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि रेनेसासला मोठा तोटा सोसावा लागला. तंत्र चांगलं होतं, मागणीही खोटी नव्हती. वेळ चुकली.

इंटेलचं काय झालं

इंटेलची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी जाहीर केलं की इंटेल आता दुसऱ्यांसाठीही जॉबवर्क करणार. ॲरिझोना, ओहायो, जर्मनी, सगळीकडे फॅबची आखणी झाली. पैशाची सोयही हुशारीने केली. ॲरिझोनाच्या फॅबमध्ये ब्रुकफील्ड या गुंतवणूक कंपनीला ४९ टक्के वाटा दिला, आयर्लंडच्या फॅबमध्ये ११ अब्ज डॉलर घेऊन अपोलो या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीला ४९ टक्के दिला.

भागीदार मिळाले, पण कसले? पैसा घालणारे. माल उचलणारे नव्हेत. ब्रुकफील्डला परतावा हवा, चिप्स नकोत. मोठी बाहेरची गिऱ्हाइकं हवी तितकी आली नाहीत. २०२३ साली इंटेलच्या कारखाना विभागाचा तोटा ७ अब्ज डॉलर होता. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा ३० अब्ज युरोंचा प्रकल्प आधी पुढे ढकलला आणि जुलै २०२५ मध्ये रद्दच केला, जर्मन सरकार १० अब्ज युरो द्यायला तयार असूनही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनेच इंटेलमध्ये जवळपास १० टक्के हिस्सा घेतला.

टीएसएमसीची ड्रेस्डेनची मांडणी आणि इंटेलची मांडणी शेजारी ठेवली की फरक दिसतो. भागीदार किती मोठा यापेक्षा तो कारखान्यातून काय घेऊन जाणार, हे बघायला हवं.

ग्लोबल फाउंड्रीजने तिसरीच वाट घेतली. ही कंपनी २००९ मध्ये एएमडीचे कारखाने आणि अबू धाबीचा पैसा एकत्र येऊन झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी सात नॅनोमीटरचं काम थांबवलं आणि लहान-लहान होत जाण्याची शर्यत सोडली. सर्वांत बारीक नक्षी उठवणारं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल, आणि अशा एका यंत्राला १५ कोटी डॉलरच्या वर मोजावे लागतात. ती शर्यत न परवडणारी आहे असं ठरवून त्यांनी गाड्या, मोबाइलमधला रेडिओ, वीज सांभाळणाऱ्या चिप्स असा बाजार धरला. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो. मागे राहिल्याचा शिक्का बसणार हे माहीत असून तो घेतला होता.

धोलेरा, आणि जे तळेगावला झालं नाही

आता मामांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. २०२२ साली वेदांता आणि फॉक्सकॉन मिळून फॅब टाकणार होते, आणि तळेगावचं नाव चर्चेत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी गुजरात सरकारशी करार केला, रक्कम १.५४ लाख कोटी. महाराष्ट्रात त्यावरून केवढं रान उठलं ते सगळ्यांना आठवत असेल. मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. पण जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो फॅब गुजरातमध्येही झाला नाही. दोघांपैकी एकाकडेही चिप बनवायचं स्वतःचं सिद्ध तंत्र नव्हतं. जागा तळेगावची असती तरी ही उणीव भरून निघाली नसती.

धोलेराला ती गाठ वेगळ्या पद्धतीने सोडवली आहे. तंत्र तैवानच्या पॉवरचिपचं, म्हणजे पीएसएमसीचं. २८, ४०, ५५, ९० आणि ११० नॅनोमीटर. पीएसएमसी फॅब उभारायला मदत करते, तंत्र देते, माणसं शिकवते आणि त्याचे पैसे घेते. ती असं का करते तेही समजून घेण्यासारखं आहे. जुन्या तंत्राच्या चिप्समध्ये चीनने भरमसाट क्षमता उभी केली आहे आणि भाव पाडले आहेत. त्या बाजारात आणखी स्वतःचे फॅब टाकून मार खाण्यापेक्षा, वीस-तीस वर्षांचा अनुभव विकणं तिला सोयीचं आहे. भांडवलाची जोखीम दुसऱ्याची, नवा बाजार मात्र खुला. छोट्या चिपवाल्याने निवडलेला हा मार्ग मला पटतो.

देशातले बाकीचे प्रकल्प बहुतेक आवरणाचे आणि चाचणीचे आहेत. आसाममध्ये जागीरोडला टाटांचा २७,००० कोटींचा, साणंदला सीजी पॉवरने रेनेसास आणि थायलंडच्या स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सबरोबर घेतलेला. साणंदला मायक्रॉनचाही आहे. २.७५ अब्ज डॉलरच्या त्या प्रकल्पात कंपनीचे स्वतःचे ८२.५ कोटी डॉलरपर्यंत, बाकी केंद्र आणि राज्य.

आवरणाचं काम म्हणजे दुय्यम, असं पुष्कळांना वाटतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेक्स्पेरियाच्या भांडणाने ते खोटं ठरवलं. कंपनी नेदरलँड्सची, मालक चिनी, वेफर बनतात जर्मनीत हँबुर्गला, पण बहुतेक माल आवरणात बसवला जायचा चीनमध्ये डोंगग्वानला. डच सरकारने कंपनीचा ताबा हातात घेतला, चीनने तिथून निर्यात रोखली, आणि काही रुपयांच्या साध्या डायोडसाठी युरोप-जपानच्या मोटार कंपन्यांची झोप उडाली. वेफर तयार होते. आवरणात बसवायला जागा नव्हती.

यात पुणे कुठे आहे

पुण्यात फॅब नाही. पण चिपच्या धंद्यातली दोन टोकं आहेत, आरेखन आणि गिऱ्हाईक. एनव्हिडिया, मार्व्हेल, एनएक्सपी यांची केंद्रं इथे आहेत. १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था इथली, परम महासंगणक १९९१ मध्ये इथे उभा राहिला. ड्रेस्डेनच्या भागीदारांपैकी बॉशचा चाकणला कारखाना आहे. आणि पिंपरीपासून चाकण-रांजणगावपर्यंत गाड्या आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची जी दाटी आहे, ती नेमक्या त्याच चिप्स खाते ज्या धोलेराच्या यादीत आहेत.

म्हणून मला वाटतं, तळेगावला फॅब आला नाही याची हळहळ पुरे झाली. धोलेराची पन्नास हजारांची क्षमता भरायची तर शेड्यूल कुणीतरी द्यावं लागेल, आणि ते देऊ शकणारी देशातली मोठी वस्ती पुण्याच्या आसपास आहे. टाटा मोटर्स एकाच घरातली, ती पहिली गिऱ्हाईक होणं साहजिक आहे. बॉशने २०२५ मध्ये टाटा इलेक्ट्रॉनिक्सशी सहकार्याचा करार केला आहे, इंटेलनेही डिसेंबर २०२५ मध्ये. पण करार म्हणजे शेड्यूल नव्हे. मामांच्या भाषेत सांगायचं तर पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, हातात पडेपर्यंत काही खरं नाही.

आणि गाडीच्या चिपची पीओ लगेच मिळत नाही. बॉनेटखाली बसणारी चिप उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालायला हवी. गाडीचं आयुष्य पंधरा वर्षं धरलं तर तेवढं टिकायला हवी. तिच्या चाचण्या होणार, मग ती ज्या बोर्डावर बसते त्याच्या, मग गाडीच्या. आमच्याकडे एका साध्या कनेक्टरचा स्रोत बदलायचा तरी पीपॅप मंजूर व्हायला, म्हणजे गिऱ्हाइकाने नमुने आणि कागदपत्रं तपासून होकार द्यायला, महिने जातात. चिप बदलायला दोन वर्षं सहज. धोलेराच्या चिप्स गाडीत बसायच्या असतील, तर आपल्या आरेखनात त्यांना जागा आत्ता ठेवावी लागेल. फॅब सुरू झाल्यावर विचार करू म्हटलं तर पहिली दोन वर्षं तिथली मशीनं आपल्यामुळे उभी राहतील.

मामांशी बोलून आल्यावर ऑफिसात मी एक काम केलं. आमच्या सगळ्यात जास्त खपाच्या बोर्डावरच्या चिप्सची यादी काढली आणि पुढे चार रकाने आखले: किती नॅनोमीटर, वेफर कुठे होतो, आवरण कुठे होतं, दुसरा स्रोत कोण. पुरवठादारांना मेल टाकले. पहिल्या रकान्याची उत्तरं आठवड्यात आली. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी आठवण करून द्यावी लागली, आणि काहींनी गोपनीय म्हणून सांगितलंच नाही. चौथा रकाना बऱ्याच ओळींत अजून कोरा आहे. पुढच्या महिन्यात आरेखनवाल्यांबरोबर त्यावर बसायचं ठरलं आहे. मामांनी दुसरं व्हीएमसी घेण्याआधी केलेलं शेड्यूलचं रजिस्टर मी बघायला मागून आणलं आहे.